दुसरी घंटा

सेलिनाने कात्रीने बुटाचं कातडं टाचेपर्यंत कापलं आणि एसाऊने तो पाय दोन्ही हातांनी धरून परातीतल्या पाण्यात सोडला. पाण्यात बर्फाचे खडे तरंगत होते. गोठलेल्या पायाला ऊन पाणी चालत नाही, आधी गारच लागतं. चुलीजवळच्या बाकावर आडव्या पडलेल्या लेवी स्टर्जने छताकडे पाहत दात आवळले.

"दुखतंय का रे?" सेलिनाने विचारलं.

"नाही दुखत, काकू. तेच वाईट ना?"

"दुखेल, दुखेल. दुखायला लागलं की मी देवाचे आभार मानीन आणि तू मला शिव्या घाल."

लेवी हसला. पंचविशीचा असेल. सील प्राण्यांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर एका टोळीचा म्होरक्या होता, पण हसताना पोरगाच दिसायचा. हसता हसता त्याची नजर पाण्यातल्या एसाऊच्या हातांवर गेली. दोन्ही तळव्यांची साल निघालेली होती आणि पाण्यात तांबूस धागे पसरत होते.

"काका, हे काय झालं?"

"दोराने," सेलिना म्हणाली. तिच्या नवऱ्याने लेवीचा पाय पाण्यात आणखी खाली दाबला.

"म्हणजे रात्रभर तुम्हीच वाजवत होता घंटा?"

"हं," एसाऊ म्हणाला.

लेवीने फडक्यांत गुंडाळलेला आपला हात कसाबसा पुढे केला आणि त्या तळव्यांवर ठेवला. "ह्या हातांनी ओढून आणलंत आम्हाला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

एसाऊने हात काढून घेतले. लाकडं आणतो म्हणून तो बाहेर गेला. लाकडांची पेटी काठोकाठ भरलेली होती, हे सेलिनाला दिसत होतं.

क्विल हार्बर या गावात देवाची घरं दोन होती. उत्तरेच्या टोकावर चर्च, दक्षिणेच्या टोकावर दुसऱ्या पंथाचं चॅपल, आणि मधे बंदराचं तोंड. देव एक, पुस्तक एक, समुद्रातला मासाही एकच, पण चर्चवाल्यांचं आणि चॅपलवाल्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. शाळा दोन, दफनभूमी दोन. दुकान तेवढं एक, कारण दुसरं चालेना. लग्नं मात्र इकडून तिकडे होत आणि मग दोन्ही घरांत महिनाभर तोंडं वाकडी राहत. सेलिना तशीच चॅपलवाल्यांची मुलगी चर्चवाल्यांत आलेली.

एका गोष्टीत मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. धुकं पडलं किंवा हिमवादळ उठलं आणि माणसं बाहेर असली, की जी घंटा आधी वाजायला लागेल तीच वाजायची. दुसरीने तोंड मिटून बसायचं. आंधळ्या झालेल्या माणसाला एकच दिशा लागते, हे गावाच्या पणजोबांनी माणसं गमावून शिकून घेतलं होतं. शाळेवरून डोकी फुटली तेव्हाही हा नियम कुणी मोडला नव्हता.

चर्चची घंटा इंग्लंडहून आलेली, दणदणीत. ती वाजवायचं काम एसाऊ फेल्टमकडे होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाकडे होतं. चॅपलची घंटा बुडालेल्या एका गलबतावरून काढलेली, दोन खांबांच्या मधे टांगलेली. ती सेलिनाचा धाकटा भाऊ गारलंड पार्डी वाजवायचा. एसाऊ तिला 'ताटली' म्हणायचा. पण मागच्या वसंतात दाट धुक्यात ताटली आधी वाजली होती, तिच्या आवाजावर एक आगबोट खडकांतून सुखरूप आत आली, आणि तिच्या कप्तानाने खूश होऊन चॅपलला पितळी कड्यांची मोठी शेगडी भेट पाठवली. वर्षभर चॅपलवाले त्या शेगडीपाशी पाय शेकत देवाचं ऐकत बसले. चर्चमध्ये माणसं कुडकुडत प्रार्थना म्हणत होती. वाटेत भेट झाली की गारलंड टोपी काढून म्हणायचा, "दाजी, फारच गारठलात तर या आमच्याकडे. देव काही विचारायचा नाही." एसाऊ हसून दाखवायचा. पण ते त्याला लागत होतं, आणि लागतंय हे गारलंडला ठाऊक होतं.

आदल्या दिवशी दुपारी टेकडीवरून कुणीतरी ओरडलं होतं की बर्फावर माणसं दिसतायत. 'बेट्सी ॲन' हे जहाज समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या दोन पाटांमध्ये सापडून चिरडलं होतं. जहाजावरच्या माणसांना दुसऱ्या जहाजाने उचललं, पण लेवीची बाराजणांची टोळी तेव्हा सीलमागे दूर गेलेली होती. जहाज जिथे असायला हवं तिथे नाही म्हटल्यावर ती माणसं किनाऱ्याकडे वळली. बारा काळे ठिपके गावाने डोळ्यांनी पाहिले, आणि मग हिम सुरू झालं ते असं की पसरलेला हात दिसेना.

एसाऊ धापा टाकत चर्चमध्ये पोचला, दोराला हात घातला, आणि त्याला ताटली ऐकू आली. गारलंडचं घर खांबांना लागूनच. तो आधी पोचला होता.

मग घरी यायला हवं होतं. एसाऊ दोर धरून उभा राहिला. वारा ईशान्येचा होता. ह्या वाऱ्यात ताटलीचा आवाज बर्फावर किती लांब जाणार, असं त्याने स्वतःला विचारलं. जाणार नाही, असं स्वतःलाच उत्तर दिलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या आत जे ठुसठुसत होतं ते वेगळं होतं, आणि दोर खाली ओढताना ते काय आहे हे त्याला पुरतं कळत होतं. एकदा ओढल्यावर थांबणं म्हणजे चूक कबूल करणं. तो उजाडेपर्यंत थांबला नाही. पलीकडची ताटलीही थांबली नाही.

सकाळी पाचजण चालत, रांगत आत आले. सातजण बंदराच्या तोंडाशी सापडले, दोन्ही टोकांच्या बरोबर मधे, बर्फावर बसल्या जागी गोठून गेलेले.

मदतीला मात्र गाव कमी पडलं नाही. गोधड्या निघाल्या, लोकरीचे मोजे निघाले, जपून ठेवलेलं डुकराचं मांस निघालं. तिथेही मोजमाप चुकलं नाही म्हणा. वाचलेल्यांपैकी तीन चॅपलच्या बाजूला नेले तेव्हा चर्चच्या बायका म्हणाल्या, मग दोन तरी आमच्याकडे. चॅपलवाल्यांनी सूप पाठवलं, तर चर्चवाल्यांनी मांस घातलेलं सूप पाठवलं. कुणीच वाईट नव्हतं. रात्रभर कुणी डोळा मिटला नव्हता. ज्याने त्याने आपापल्या बाजूची घंटा ऐकली होती, आणि ज्यांनी दोन्ही ऐकल्या होत्या त्यांनी तो विषय काढला नाही.

संध्याकाळी लेवीचे पाय दुखायला लागले. सेलिनाने खरंच देवाचे आभार मानले. भिजवलेली जहाजी बिस्किटं चरबीत परतून तिने त्याला भरवली, वर काकवी घातलेला चहा पाजला. अंगात ऊब आली तसा तो बोलायला लागला.

"काका, एक विचारू? बर्फाचा पाट माणसाला न कळता फिरतो का हो? गोल?"

"फिरतो कधीकधी," एसाऊ म्हणाला. तो कोपऱ्यात बसून जाळं विणायचं नाटक करत होता. त्या हातांनी त्याला एक गाठही मारता येत नव्हती.

"घंटा मला समोरून ऐकू आली. मी म्हटलं, चला रे, आलं गाव. सगळे माझ्यामागे, एकमेकांचा दोर धरून. त्यांची डोकी खाली. ऐकत मी एकटाच होतो. बरंच चाललो, आणि वारा जरा पडला तर घंटा पाठीमागून. मी म्हटलं, पाट फिरलाय, आपण समुद्राकडे चाललोय. वळवलं सगळ्यांना. परत बरंच चाललो, तर परत ती मागून." तो थांबला. "किती वेळा वळवलं कोण जाणे. केलब म्हणाला, लेवी, एकीकडे कुठेतरी चल बाबा, कुठेही चल. मी त्याला शिवी दिली. मग तो बसला. एक बसला की दुसरा बसतो."

सेलिनाच्या हातातला चमचा वाटीत वाजला.

"इतकी वर्षं बर्फावर जातोय मी. माझे कान चांगले म्हणून तर मला म्होरक्या केलं." लेवी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "उद्या बोट येईल ना? सातही आमच्याच गावचे आहेत. शवपेट्यांबरोबर मी उतरणार आणि घरोघर जाऊन सांगणार. माझ्यामागे आले म्हणून मेले. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

"तू असं काही सांगायचं नाहीस," सेलिना एकदम म्हणाली.

"मग काय सांगू, काकू?"

सेलिनाने नवऱ्याकडे पाहिलं. एसाऊ जाळ्याकडे पाहत होता. लेवीला झोप लागल्यावर ती नवऱ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "सांगा त्याला."

"आजारी माणूस आहे. बरा होऊ दे."

"बरा झाल्यावर कुठे असेल तो? अहो, मी दारात उभी होते त्या रात्री. दोन्ही ऐकत होते. वर येऊन तुमचा हात धरावा असं वाटत होतं आणि आले नाही. तुम्ही रागवाल म्हणून. माझ्याही वाट्याला आहे ते. पण ह्या पोराच्या वाट्याला का?"

एसाऊने अंगात कोट घातला आणि बंदरावरच्या बर्फावरून सरळ पलीकडे गेला.

गारलंड आपल्या होडीच्या शेडमध्ये रंधा मारत होता. नव्या होडीसाठी राखलेल्या फळ्यांच्या शवपेट्या होत होत्या. दाजी दारात दिसले तरी आज त्याने टोपी काढली नाही, थंडीचं विचारलं नाही.

"उद्याच्या घंटेचं बोलायला आलोय," एसाऊ म्हणाला.

"बोला."

"शवपेट्या धक्क्यावर नेताना तुझी वाजू नये."

"सातांत चार आमच्या पंथाचे आहेत, दाजी. ज्याच्या त्याच्या वयाचे ठोके पडायला नकोत?"

"त्यांचेही मी देतो."

एसाऊला वाटलं होतं आता रंधा भिंतीवर जाणार. गारलंडने फळीवरचा भुसा फुंकला. "बरं," तो म्हणाला.

"बरं?"

"मीच येणार होतो तुमच्याकडे. तुमच्या घरातला तो पोरगा, ऐकणारा तो होता म्हणे. दोन्ही वाजल्या तर त्याला कळेल." त्याने रंधा खाली ठेवला. "तुमची घंटा पहिल्या ठोक्यालाच ऐकली मी. मी थांबलो असतो तर एकच राहिली असती. साधी गोष्ट. पण आधी मी वाजवली होती. नियम माझ्या बाजूने. नियमाने वागलो मी, सकाळपर्यंत."

"चूक माझी आहे."

"तुमचीच आहे. नाही कुठे म्हणतोय मी? पण झोप मलाही येत नाही." तो थोडा वेळ पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दाजी. बोट गेली की गेली."

उभ्या जन्मात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. एसाऊ परत येताना बर्फावर दोनदा घसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगबोट बर्फ फोडत आली. शवपेट्या घसरगाड्यांवर ठेवून धक्क्याकडे निघाल्या आणि चर्चची घंटा टोले द्यायला लागली, एकेका माणसाच्या वयाइतके. चर्चच्या तिघांचे झाल्यावर लोक दक्षिणेकडे कान लावून उभे राहिले. दक्षिण गप्प होती. चर्चचीच घंटा पुन्हा वाजायला लागली, चॅपलच्या माणसांसाठी. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. चॅपलचे उपदेशक धक्क्यावर उभे राहून म्हणाले की दुःखाने आज ह्या गावाची दोन घरं एक केली, मेलेल्या सातांनी जिवंतांना शहाणं केलं. लोकांनी 'आमेन' म्हटलं. एसाऊ खाली उतरला तेव्हा चॅपलच्या एका म्हातारीने त्याची वाट अडवली आणि त्याच्या सोललेल्या हातांवरून हात फिरवला. "एसाऊ, तुला मी आयुष्यभर गर्विष्ठ समजत आले रे," ती म्हणाली. "माफ कर मला."

गर्दीत गारलंड उभा होता. त्याने मान वळवली.

एसाऊ घरी आला तर घर गारठलेलं. खिडकी सताड उघडी, आणि लेवी गोधड्या पांघरून तिच्याजवळ बसलेला. सेलिना चुलीकडे तोंड करून उभी होती.

"मीच काकूंना उघडायला लावली," लेवी म्हणाला. "रागवू नका. केलबचे एकोणीस मोजले मी. बरोबर दिलेत."

"थंडी भरेल तुला," एसाऊने खिडकी लावून घेतली.

"मुद्दाम ऐकत होतो, काका. खरं सांगायचं तर मला एक आशा होती. वेड्यासारखी. वाटलं, इथला डोंगर आवाज परतवत असेल. नाहीतर इथे असं काहीतरी असेल की कुणाचेही कान फसतील, एकट्या माझेच नाही. म्हणून म्हटलं, घंटा वाजेल तेव्हा नीट ऐकू." त्याने पायांवरची गोधडी सारखी केली. "एवढे ठोके पडले, पण प्रत्येक ठोका त्याच एका बाजूने. म्हणजे कान माझेच फसले. मारलं ते मीच." तो शांतपणे बोलत होता. "बरं झालं. खात्री झाली. आता सांगताना अडखळणार नाही."

एसाऊने सेलिनाकडे पाहिलं. तिने वळून पाहिलं नाही. आता ती त्याच्यासाठी एक शब्दही बोलणार नाही, हे त्या पाठीवरून त्याला कळलं. तो बाकाच्या टोकाला बसला.

"लेवी," तो म्हणाला, "ह्या गावात घंटा दोन आहेत."

लेवीने मान वर केली.

"एक ह्या टोकाला, एक त्या. त्या रात्री दोन्ही वाजत होत्या. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. दर वेळी बरोबर ऐकलंस."

बाहेर आगबोटीची शिट्टी झाली. लेवीला समजायला वेळ लागला. समजत गेलं तसा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आधी कुठली वाजली?"

"पलीकडची. माझ्या मेव्हण्याची. एक वाजत असली की दुसरी वाजवायची नाही, असा नियम आहे इथे."

"मग तुम्ही का वाजवलीत?"

वाऱ्याचं कारण एसाऊच्या जिभेवर तयार होतं. ताटलीच्या बारीक आवाजाचंही होतं. गेले दोन दिवस तो ती कारणं घासूनपुसून ठेवत आला होता.

"तिच्या आवाजावर तुम्ही वाचला असतात," तो म्हणाला, "आणि ते मला बघवलं नसतं."

"एका शेगडीपायी," सेलिना चुलीकडे पाहतच म्हणाली.

"आणि आज एकच वाजली ती?"

"तुला कळू नये म्हणून."

लेवीने शिवी द्यावी, परातीतलं पाणी अंगावर फेकावं, असं एसाऊला वाटत होतं. तो वाट पाहत राहिला. लेवीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तो नावं घेत होता, सातही. मग त्याने फडक्यातल्या मनगटाने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा एसाऊकडे सरळ पाहिलं.

"सात घरं आहेत, काका," तो म्हणाला. "आमचं गाव उतरणीवर आहे. मला काही चालता यायचं नाही. कुणीतरी पाठीवर घ्यायला हवं."

"घेईन."

"मला दारात ठेवायचं आणि बोलायचं तुम्ही. आत्ता बोललात तसंच. केलबची आई पहिली."

एसाऊने मान डोलावली. सेलिना चुलीपासून वळली, लेवीचं बांधून ठेवलेलं गाठोडं तिने पुन्हा सोडलं, आणि त्यात नवऱ्याचे दोन सदरे आणि लोकरीचे मोजे घातले.